द्राक्षखोलीतली बिही

आव्हों, रविवार, २३ ऑक्टोबर १९४९

प्रिय बाझील,

इथपर्यंत न फाडता वाचलंस, म्हणजे अर्धं काम झालं. पाकिटावरचा पत्ता मी शेजारच्या मास्तरीणबाईंकडून लिहून घेतला. माझं अक्षर पाहून तू मागची दोन पत्रं उघडलीच नसशील, अशी मला शंका आहे. शंका कसली, खात्रीच. खेचरासारखा हट्टी तू पाच वर्षांचा होतास तेव्हापासून आहेस आणि ते खेचर पाठीवर घेऊन हिंडणारी मीच होते.

ओक्ताव्ह गेला. एप्रिलमध्ये. राजवाड्यात राणीच्या शयनगृहात पर्यटकांना गोष्ट सांगत होता, सांगता सांगता खाली बसला तो उठलाच नाही. पर्यटकांना वाटलं, हाही गोष्टीचाच भाग. दोघांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. माझ्या नवऱ्याला असं मरण आवडलं असतं. पंचवीस वर्षं त्याने त्या दालनांत इतक्या थापा मारल्या की खऱ्या राजांनाही त्या खऱ्या वाटल्या असत्या. तळ्यातले कार्प मासे तीनशे वर्षांचे आहेत, हे त्याने इतक्यांदा सांगितलं की शेवटी शेवटी तो त्यांना वाकून नमस्कार करायचा. घर आता फार शांत आहे, बाझील.

राजवाड्याच्या बागेतली राजाची द्राक्षभिंत यंदा बरी पिकली, वेल पार वरपर्यंत चढले. ऑगस्ट कोरडा गेला, मणी लहान राहिले, पण साखर चांगली भरली. तू लावलेले ते सात वेल, दाराच्या उजवीकडचे, अजून सगळ्यांच्या पुढे आहेत. नवी पोरं मला विचारतात, मादाम, यांनाच काय वेगळं खत घालता? मी म्हणते, हे वेल नाकाने लावले आहेत. त्यांना काही कळत नाही आणि मी सांगत नाही.

तुझं नाक वासाला अजून तसंच तिखट आहे का? ऑन्जे गावी गुलाबांच्या रोपवाटिकेत काम करतोस असं ऐकलं. म्हणजे नाकाची चैन आहे तुझी.

मार्सेलिनला माझा नमस्कार. भावजयीला मी पाहिलेलंही नाही, ही काही चांगली गोष्ट नाही.

तुझी बहीण,
ओनोरीन

आव्हों, रविवार, ११ डिसेंबर १९४९

प्रिय बाझील,

उत्तर नाही. ठीक आहे. मी काही उत्तरासाठी लिहीत नव्हते, असं म्हणणार होते, पण ते खोटं आहे.

सध्या सकाळचा सगळा वेळ द्राक्षखोलीत जातो. नऊशे बाटल्या आहेत यंदा. कामाची रीत तीच, तुझ्या वेळची. काडीसकट कापलेला घड, काडीचं टोक पाण्याच्या बाटलीत, पाण्यात चिमूटभर कोळसा, खिडक्या बंद, आणि रोज सकाळी एकेका घडापाशी कंदील धरून नासलेला मणी कात्रीने काढून टाकायचा. मार्चपर्यंत ताजे राहतात. नव्या मुलींना कंटाळा येतो. एक म्हणाली, मादाम, दक्षिणेकडून रेल्वेने द्राक्षं येतात की आता, हा खटाटोप कशाला? मी म्हटलं, बाई, दोनशे वर्षांत या भिंतीचे घड राजांनी खाल्ले, सम्राटाने खाल्ले, इथे अडकवून ठेवलेल्या पोपने खाल्ले आणि परवा परवा चार वर्षं जर्मन अधिकाऱ्यांनीही खाल्ले. एवढ्या सगळ्यांना पुरून उरलेली भिंत तुझ्या कंटाळ्याने थोडीच पडणार? कात्री उचलून कामाला लागली. ओक्ताव्हबरोबर राहून मलाही भाषण जमायला लागलं आहे.

आता खरी बातमी. मला शेतीचं पदक देणार आहेत. तेच, हिरव्या फितीचं. आपण सगळे ज्याला ‘पातीचा कांदा’ म्हणून हसायचो ते. आता तो कांदा माझ्याच छातीवर लागणार. आमचे मुख्य माळी मस्यू पेरिनो कागद घेऊन आले. भला माणूस, पण बोलताना सतत घड्याळ बघतो. कागदावर लिहिलं आहे, ‘राजाच्या द्राक्षभिंतीची चाळीस वर्षं निष्कलंक सेवा.’ तीस एप्रिलला, राजवाड्यासमोरच्या त्या घोड्याच्या नालेच्या आकाराच्या जिन्यावर, जिल्ह्याच्या प्रीफेट साहेबांच्या हातून.

घरची माणसं जवळ उभी राहतात, अशी पद्धत आहे. पेरिनो म्हणाले, तुमच्याकडून किती जण? मी म्हटलं, सांगते.

मला मूलबाळ नाही. ओक्ताव्ह नाही. तू आहेस. ये.

ओनोरीन

आव्हों, रविवार, २९ जानेवारी १९५०

प्रिय बाझील,

पेरिनोंना माझा सेवेचा वृत्तान्त हवा आहे, वर्षवार. मास्तरीणबाईंच्या स्वयंपाकघरात बसून लिहायला घेतला. १९१० साली विरळणीला लागले, कात्रीने मणी विरळ करणाऱ्या पोरींत सगळ्यांत मठ्ठ. १९१९, तू लढाईवरून परत आलास आणि द्राक्षखोली तुझ्याकडे आली. तिथवर भराभर लिहिलं. १९२४ पाशी अडले.

मास्तरीणबाई म्हणाल्या, “काय झालं, त्या वर्षी आजारी होतात का?”

मी म्हटलं, “हो.”

बघ, ताकाला जाऊन भांडं लपवण्याची सवय अजून गेली नाही. तेव्हा सरळच लिहिते.

त्या फेब्रुवारीत राजवाड्यात मोठी मेजवानी होती, परदेशी पाहुणे होते. शेवटी आपले घड मांडले गेले. पहिला मणी तोंडात टाकून कोणी तरी म्हणालं, याला केसाचं सुगंधी तेल कोणी लावलं? घड उचलले तर मणी टपाटप गळून ताटांत पडले. दुसऱ्या दिवशी द्राक्षखोलीच्या मागच्या फळीखाली टोपलीभर बिहीची फळं सापडली. ओबडधोबड सफरचंदासारखी, पिकलेली, पिवळीधमक, वासाने माणूस झपाटावा अशी. द्राक्षांजवळ बिही ठेवायची नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. द्राक्षं तो वास पितात आणि देठ सोडतात. सगळी खोली वाया गेली. तुझी नोकरी गेली.

पण हेही लिहायला हवं, की मी तुझं नाव घेतलं नव्हतं. तेव्हाचा मुख्य माळी, म्हातारा गॉब्लो, फळं कोणाची ते विचारत होता आणि तूच म्हणालास, “माझी.” माझ्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. एवढं तरी तू मान्य करशील.

सव्वीस वर्षं झाली. लोक मेले, लढाई झाली, राज्यं बदलली. फळांवरून किती दिवस धरून बसायचं?

ये. पाव आणि ब्री चीज मी आणून ठेवीन, मेलँचं, जुनं, तुला आवडायचं तसं उग्र.

ओनोरीन

आव्हों, रविवार, ५ मार्च १९५०

प्रिय बाझील,

मार्सेलिनचं कार्ड आलं. चार ओळी. ‘ते तुमची पत्रं औजारांच्या खोलीत जाऊन वाचतात. जानेवारीचं वाचून आले तेव्हा जेवले नाहीत. हे तुम्हाला कळवावं असं वाटलं.’ बायको चांगली मिळाली आहे तुला. माझ्यासारखी नाही.

जानेवारीचं पत्र मी कसं लिहिलं ते मला पाठ आहे. ‘माझ्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता.’ निघाला होता, बाझील. तुझ्या आधी निघाला होता.

आता सगळं लिहिते. मधे थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

जानेवारीत तू तीन आठवडे छातीच्या तापाने पडून होतास आणि द्राक्षखोलीची किल्ली माझ्याकडे होती. ओक्ताव्हशी लग्न ठरलं होतं, ईस्टरला. त्याची आई म्हणाली होती, बिहीची जेली जिला जमत नाही तिने आमच्या घरात पाऊल टाकू नये. म्हातारी होतीच तशी, कबरीतही तिला वाटत असेल, आपल्याला नीट निजवलेलं नाही. फळं मी नोव्हेंबरपासून जपून ठेवली होती. घरात चुलीच्या उबेने ती काळी पडायला लागली. थंड, अंधारी, कोरडी जागा मला एकच माहीत होती. म्हटलं, आठच दिवस. मग आठाचे वीस झाले. वास? रोज त्यातच वावरणाऱ्याला वास कुठला येतो. मला वाटलं, खोलीला यंदा छान गोड वास आहे. चौदा वर्षं द्राक्षात काढलेली बाई मी, आणि मला असं वाटलं.

तू ताप उतरल्यावर पहिल्यांदा आलास तो मेजवानीचा दिवस होता. द्राक्षांच्या टोपल्या राजवाड्याच्या स्वयंपाकघरात पोचल्या होत्या. तू दारातच थांबलास. आतही आला नाहीस. म्हणालास, “ओने, इथे काय आहे?”

मी म्हटलं, “काय असणार?”

तू माझ्याकडे पाहिलंस आणि तसाच परत फिरलास. म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं. मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की तुला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गॉब्लोने आपल्या दोघांना समोर उभं केलं. टोपली मधे. त्याने आधी मला विचारलं, कारण तीन आठवडे किल्ली माझ्याकडे होती. “फळं कोणाची?” मी म्हटलं, “माहीत नाही.” मग तो तुझ्याकडे वळला. तू माझ्याकडे पाहत राहिलास, मी खिडकीकडे. मग तू म्हणालास, “माझी.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फक्त इथे संन्याशाने मान आपणहून पुढे केली.

गाडीला निघालास तेव्हा मी स्टेशनवर आले होते. पाव बांधून दिला, हवेबद्दल बोलले. तू डब्याच्या दारात उभा होतास आणि वाट पाहत होतास. मी सांगेन म्हणून. मला ते समजलं होतं. मी म्हटलं, मफलर नीट गुंडाळ.

आणि याहून वाईट ते पुढे आहे. तू गेल्यावर आठ दिवसांनी गॉब्लोने द्राक्षखोली माझ्या ताब्यात दिली. तुझी जागा. मी घेतली. आयत्या बिळावर नागोबा. ज्या चाळीस वर्षांचं पदक मला देतायत, त्यातली सव्वीस तुझी आहेत. तू लिहीत नव्हतास तेव्हा मी मनातल्या मनात तुला हट्टी म्हणत राहिले, कारण हट्टी भाऊ असणं सोपं होतं. निर्दोष भाऊ परवडला नसता.

फेकायला दिलेली ती टोपली मी घरी नेली होती. जेली छान झाली होती. सासूबाईंनी दोनदा घेतली. ओक्ताव्हला मी मरेपर्यंत सांगितलं नाही.

ओनोरीन

आव्हों, रविवार, २ एप्रिल १९५०

प्रिय बाझील,

पेरिनोंना सांगितलं. शुक्रवारी, त्यांच्या खोलीत, दार लावून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, दोनदा घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “मादाम, १९२४? मी तेव्हा शाळेत होतो.”

मी म्हटलं, “नोंदवहीत त्याचं नाव आहे. ‘निष्काळजीपणामुळे बडतर्फ.’ ते खोडा आणि माझं घाला.”

“म्हणजे बडतर्फ बाईला पदक द्यायचं का आम्ही? निमंत्रणं गेली आहेत. प्रीफेट साहेबांचं भाषण टाइप झालंय. कशाला जुनं उकरताय? भाऊ तक्रार करतोय का?”

“नाही.”

“मग झालं तर. तुम्ही थकला आहात. नवरा नुकताच गेलाय.”

एक क्षण, बाझील, मला हायसं वाटलं. हेही लिहूनच टाकते. मनात आलं, मी सांगून पाहिलं, त्यांनीच ऐकलं नाही, आता माझा काय दोष? बागेतून परत येताना तळ्याच्या काठाने आले. तिथे एक बाई पोरांना कार्पना पाव टाकायला शिकवत होती आणि सांगत होती, हे मासे तीनशे वर्षांचे आहेत बरं का. ओक्ताव्हची थाप. तो मेला, थाप जिवंत आहे. मी तिथेच बाकावर बसले. मीही मरेन आणि नोंदवहीतली ती ओळ तशीच राहील. उद्या कोणी तरी ती वाचून दाखवील. वर्षं लोटली की लोक खोट्यालाही इतिहास म्हणतात.

म्हणून मी ठरवलं आहे. तीस तारखेला जिन्यावर मी ते सगळ्यांसमोर सांगणार. पदक मिळो न मिळो. मला भीती वाटते आहे. छपन्नाव्या वर्षी, पहिल्या कबुलीजबाबाला चर्चमध्ये नेलं होतं तेव्हा वाटली होती तशीच.

तू ये असं आता म्हणत नाही. तो हक्क राहिला नाही. फक्त त्या दिवशी अकरा वाजता माझी आठवण काढ. शिवी देऊन काढलीस तरी चालेल.

भिंतीवर वेलांचे डोळे फुगले आहेत. आठवड्याभरात फुटतील.

ओने

आव्हों, सोमवार, १ मे १९५०

प्रिय बाझील,

तू माझ्या आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून घोरतो आहेस आणि मी दहा पावलांवर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुला पत्र लिहिते आहे. वेडेपणा आहे. पण कालपासून आपण दोघं काय बोललो ते आठव. गुलाबांवरची भुरी. मार्सेलिनचा गुडघा. सूपमध्ये मीठ कमी. तू दोन वाडगे सूप प्यायलास आणि मी तू पितोयस एवढंच पाहत बसले. समोर बसून मला काही जमत नाही. जमत असतं तर १९२४ मध्येच जमलं असतं.

तर कालचं मी माझ्या बाजूने लिहिते. तुझ्या बाजूने तू पाहिलंच आहेस.

जिन्याच्या चौथ्या पायरीवर मला उभं केलं होतं. ओक्ताव्ह तिथे पर्यटकांना रडवायचा. सम्राटाने इथेच आपल्या सैनिकांचा निरोप घेतला, झेंड्याला मिठी मारली, वगैरे. प्रीफेट साहेबांनी भाषण वाचलं. डबी उघडली. मी म्हटलं, “साहेब, आधी मला बोलू द्या.” पेरिनोंनी डोळे मिटून घेतले.

मी सांगितलं. बिही, टोपली, वीस दिवस, ‘माहीत नाही’, तू, तुझी जागा. पत्रात लिहिलं तेवढं नीट नाही सांगता आलं, पण सांगितलं. सासूबाईंची जेली पण आली त्यात. ती यायला नको होती. कारण तिथे लोक हसले.

सगळे हसले, बाझील. प्रीफेट साहेब तर रुमाल काढून डोळे पुसायला लागले. म्हणाले, “मादाम, सासूच्या जेलीसाठी केलेला गुन्हा कुठलंही न्यायालय माफ करील.” पुन्हा हशा. टाळ्या. मला शिव्या पडतील, याची मी तयारी केली होती. कोणी हसेल, हे डोक्यातही आलं नव्हतं. माझा गुन्हा त्यांना गोड वाटत होता. मी तिथे उभी होते आणि मला कळत होतं की आता ही राजवाड्यातली आणखी एक गंमतगोष्ट होणार. उद्यापासून गाइड ती सांगणार आणि तू त्यातला कोणी एक भाऊ.

आणि मग मागून तुझा आवाज आला.

“हसताय काय? बाराशे घड होते.”

मी तुला ओळखलं नाही. केस पांढरे, पाठ वाकलेली. आवाज ओळखला. गर्दी बाजूला झाली आणि तू टोपी हातात घेऊन पुढे आलास, सगळ्यांना नव्हे, पेरिनोंना उद्देशून बोललास, माळ्याने माळ्याशी बोलावं तसं. “बाराशे. एकेक मी कापून बाटलीला लावला होता. तीन महिने रोज सकाळी एकेक पाहत होतो, ताप चढून पडेपर्यंत. एका दिवसात डुकरांना घातले. माझं नंतर कसंही निभावलं. ते घड निभावले नाहीत.”

कोणी हसलं नाही. प्रीफेट साहेब डबी हातात धरून उभे, कोणाला लावावी ते कळेना. पेरिनोंनी पहिल्यांदाच घड्याळ पाहिलं नाही. म्हणाले, “मस्यू, नोंद उद्या दुरुस्त होईल. तुमच्यासमोर.” आणि तू म्हणालास, “उद्या सुट्टी आहे.” तेवढंच. मग माझ्याकडे वळून म्हणालास, “चल ओने, ऊन लागतंय.”

डबी पेरिनोंच्या खिशात गेली. तिचं काय करायचं ते त्यांचं त्यांनी बघावं.

वाटेत तू माझा हात धरला नाहीस. मी मोजत नव्हते, पण लक्षात आहे. भिंतीपाशी मात्र थांबलास. तुझ्या सात वेलांना हात लावलास, एका आडव्या ओलांड्याच्या फांदीवरचे दोन जादा फुटवे अंगठ्याने सहज मोडून टाकलेस आणि म्हणालास, “इथे गर्दी झालीय.” मग इतका वेळ तसाच उभा राहिलास की मी दुसरीकडे पाहायला लागले.

सकाळी तुझी पिशवी खुंटीवरून खाली पडली. उचलताना ऑक्टोबरपासूनची माझी पाचही पत्रं त्यात दिसली. चोरून वाचणारी बाई मी नाही, पण ती माझीच होती, तेव्हा वाचली. पाचही, उभ्या उभ्या. लबाडी आहे, विनोद आहेत, सबबी आहेत, कबुली आहे. जिन्यावरचं भाषणही मनात पुन्हा बोलून पाहिलं. सगळं आहे. किती फळं, किती दिवस, कोण काय म्हणालं. मी तुझ्याशी कशी वागले ते मी सगळ्या गावाला सांगितलं. तुझ्याकडे मागायचं होतं ते मात्र एकदाही मागितलं नाही. पत्रातही नाही आणि काल इतक्या लोकांसमोरही नाही. सव्वीस वर्षं तू जे ऐकायला थांबलास ते बिही कोणाची हे नव्हतंच. ते तर तुला दारातूनच कळलं होतं.

मला माफ कर, बाझील.

माझ्या ताटातलं मी तुझ्या ताटात टाकलं आणि तू गप्प खाल्लंस. मी थोरली होते. मला तुझ्यापुढे उभं राहायचं होतं, मी तुझ्या मागे लपले. तुझं चुकलं असं काही नाही, सगळं माझं चुकलं. माफ कर.

पत्र तुझ्या टोपीत ठेवते. मी भिंतीकडे जाते आहे, फुटवे खरोखरच फार झाले आहेत. वाचून झालं की ये. रागावून आलास तरी चालेल, पण ये.

तुझी
ओने